अर्जातला सतरावा रकाना: वधू-वर समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि वधू-वर परिचय समितीचे सर्व सभासद,
इंदूर

सा. न. वि. वि.

यंदाच्या मेळाव्याचा अर्ज परवा व्हॉट्सॲपवर आला. वर गणपतीचं चित्र तेच, रास-नाडी-गण तेच, आणि सतरावा रकानाही तोच: ‘एचआयव्ही तपासणी अहवाल (सहा महिन्यांच्या आतील) जोडणे आवश्यक.’ हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. ताईंनी हे घरातल्या घरात बोलायला हवं होतं, असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. मी दोनदा बोलले. एकदा चहा मिळाला, एकदा ‘बघू’ मिळालं. म्हणून आता उघड लिहिते.

आधी कबुली. ही ओळ माझ्याच हातची आहे. २००९ साली आपली बैठक झाली, तेव्हा एका सभासदांनी कुठूनतरी ऐकलेली फसवणुकीची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, कारण माझी नोकरी रक्त तपासण्यात गेलेली. एलायझा या रक्तचाचणीच्या थाळीतले खळगे पिवळे झाले, म्हणजे संसर्ग निघाला, की पोटात कसा गोळा येतो, हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं. मी पेन घेतलं आणि रकाना लिहून दिला. ‘आवश्यक’ हा शब्दही माझा. तेव्हा फार जबाबदारीचं काम केल्यासारखं वाटलं होतं.

त्या ‘आवश्यक’चं पुढे काय झालं, ते नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्यांनी पाहिलं आहे. एका मुलाचा अहवाल आपल्याकडे सलग तीन मेळाव्यांना आला. तोच कागद, त्याच झेरॉक्सची झेरॉक्स, उजव्या कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा तोच, फक्त दर वर्षी फिकट होत गेलेला. तारखेकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही. आपण त्यावर शिक्का मारला, परिचय पुस्तिकेत त्याचा फोटो छापला आणि तो मुलगा ‘निर्दोष’ ठरला. असेलही. पण आपल्या कागदाने ते ठरलं नव्हतं.

कागद ताजा असता तरी फार काही ठरलं नसतं. नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि संसर्ग झाल्यावर ती तयार करायला शरीर वेळ घेतं. त्यामुळे त्या चाचणीत काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही काही दिसत नाही, आणि नेमकं त्याच सुरुवातीच्या काळात रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो. म्हणजे ‘निगेटिव्ह’ हा शब्द काही महिन्यांपूर्वीपर्यंतचा हिशेब सांगतो. जानेवारीतला अहवाल घेऊन जूनमध्ये अक्षता टाकणाऱ्याला तो पुढचं काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेतल्या कुणालाही हे विचारा. मलाच विचारायचं होतं, आणि मीच सांगितलं नाही.

तरी २००९ मध्ये माझ्या मनात काय होतं, तेही सांगते, म्हणजे मी सगळंच उगीच केलं असं होणार नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत टीव्हीवर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, वतीने माहिती देणारे डॉ. रमण गंगाखेडकर तुम्हाला आठवत असतील. आपल्यातल्या अर्ध्या लोकांना ते तेवढ्यापुरतेच माहीत आहेत. त्यांची खरी हयात पुण्याजवळच्या भोसरीत, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत गेली. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी त्यात होती. त्यातल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, साध्या घरातल्या बायका होत्या. त्यांच्यात शेकडा १३.६ जणींना एचआयव्ही निघाला. बहुतेक जणी नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी संबंधच न आलेल्या. त्यांचा ‘धोका’ म्हणजे त्यांचं लग्न.

तो निबंध आमच्या प्रयोगशाळेत फोटोकॉपी होऊन फिरला होता आणि मी तो कितीदा तरी वाचला होता. त्या वेळी अशा बाईच्या हातात काहीच नव्हतं. खरोखर गुणकारी औषधयोजना १९९६ पासून परदेशात निघाली होती, पण आपल्याकडे ती परवडणारा माणूस विरळा. सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधं सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला, तीही आधी मोजक्या ठिकाणी. त्या काळात वाढलेल्या माझ्यासारखीला ‘लग्नाआधी कागद बघा’ याहून दुसरा उपाय सुचला नाही. मुलींच्या काळजीनेच तो रकाना लिहिला, हे तुम्हीही मान्य कराल.

पण २००९ नंतर दोनच वर्षांत जग बदललं, आणि माझी चूक तिथे सुरू होते.

मे २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निकाल बाहेर आले. नाव रुक्ष आहे, एचपीटीएन ०५२. प्रमुख संशोधक अमेरिकेतले डॉ. मायरन कोहेन, पण काम नऊ देशांत झालं, आणि त्यात आपलं पुणं आणि चेन्नई होतं. १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकजण पॉझिटिव्ह आणि एकजण निगेटिव्ह, आणि बहुतेक लग्न झालेली. म्हणजे आपली समिती ज्या जोडप्याच्या कल्पनेनेच घाबरते, नेमकं तेच जोडपं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटातल्या पॉझिटिव्ह जोडीदाराला औषधं लगेच सुरू केली. दुसऱ्या गटाला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली उतरली की. सगळ्यांना समुपदेशन, सगळ्यांना निरोध. मग वाट पाहिली.

एकूण ३९ निगेटिव्ह जोडीदारांना संसर्ग झाला. विषाणूची जनुकीय जुळणी केली तेव्हा त्यातल्या २८ जणांना तो आपल्या जोडीदाराकडूनच आल्याचं सिद्ध झालं. (बाकीच्यांपैकी काहींचा विषाणू घरातल्या विषाणूशी जुळतच नव्हता. त्यावर वधू-वर समितीने काही न बोललेलंच बरं.) आता त्या २८ ची वाटणी बघा: उशिरा औषध मिळालेल्या गटात २७, लगेच मिळालेल्या गटात १. शेकडा ९६ ने धोका कमी. फरक इतका उघड होता की देखरेख समितीने अभ्यास संपण्याची वाट न पाहता निकाल जाहीर करायला लावले आणि सगळ्यांनाच औषध देऊ केलं. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्या वर्षातला सर्वांत मोठा शोध म्हणून याचीच निवड केली.

लगेच औषध मिळालेल्या गटात तो एक संसर्ग कसा झाला, हे मी नंतर हुडकून वाचलं. औषध सुरू झालं म्हणजे विषाणू त्याच दिवशी संपत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, खाली यायला काही महिने लागतात, सहाएक महिने धरून चालायचं. गोळ्या चुकवल्या तर तो परत वर जातो. पण एकदा का तो मोजता न येण्याइतका खाली बसला आणि गोळ्या नियमित राहिल्या, की पुढे काय? याचं उत्तर युरोपातल्या पार्टनर अभ्यासाने दिलं. २०१६ साली त्यांनी ८८८ जोडप्यांचा हिशेब मांडला. निरोध न वापरता आलेले संबंध सुमारे ५८,०००. जोडीदाराकडून जोडीदाराला गेलेला संसर्ग शून्य. पुढे फक्त पुरुष-पुरुष जोडप्यांवर तोच अभ्यास चालू ठेवला, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला, तिथेही शून्य. थोडक्यात, रक्तात सापडत नसेल तर शरीरसंबंधातून पसरत नाही. डॉक्टर मंडळी ‘शून्य’ हा शब्द किती जपून वापरतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. इथे त्यांनी तो वापरला आहे.

मुलांचं काय, हा पुढचा प्रश्न आपल्या टेबलावर नेहमी कुजबुजत यायचा. उपचार नसेल तर आईकडून बाळाला संसर्ग जाण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५. वेळेवर उपचार असतील तर ती पाचाच्या खाली येते.

हे सगळं मी वाचलं होतं. २०११ नंतरच्या पहिल्याच बैठकीत उठून ‘तो रकाना काढा’ असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. भीती नव्हती, आळस होता. अर्ज दर वर्षी तसाच छापखान्यात जायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांचा हिशेब त्याहून निकडीचा वाटायचा.

मग ती मुलगी आली. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. संसर्ग जन्मापासूनचा. शाळेत असताना गोळ्या सुरू झाल्या, त्या आजतागायत एकही चुकलेली नाही. आता रोज एकच गोळी, रात्री जेवणानंतर, तुमच्या-माझ्या बीपीच्या गोळीसारखी. शिकली, हिशेबनीस म्हणून नोकरी करते. तिने आपला सतरावा रकाना वाचला आणि आख्ख्या मेळाव्यात एकटीने तो प्रामाणिकपणे भरला. ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं आणि सोबत व्हायरल लोडचा अहवाल जोडला, मागच्याच महिन्याचा: विषाणू आढळला नाही. माझ्यासमोर त्या दिवशी दोनशेच्या वर अर्ज होते. संसर्गाच्या बाबतीत जोडीदारासाठी सर्वांत खात्रीचा कागद कुठला, असं मला प्रयोगशाळेत कुणी विचारलं असतं, तर मी डोळे मिटून तो काढून दिला असता.

आपण काय केलं? एकाने तो अर्ज बाजूला काढला. ‘हा राहू दे.’ दुसऱ्याने उचलून वाचला. तिसऱ्याने मोबाइल काढला. मी समोरच्या रांगेतल्या माणसाला पावती लिहून देत होते. दिसत होतं, तरी लिहीत राहिले. आपल्या इंदुरात मराठी माणसं हजारोंनी आहेत, पण बातमीला रामबागेतून सुदामानगरला पोचायला पोहे निवण्याइतकाही वेळ लागत नाही. संध्याकाळी मामीला फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी विचारलं. पुढच्या गणपतीत अथर्वशीर्षाला त्या घरातलं कुणी आलं नाही, आणि का आलं नाही हेही कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. मामा अर्ज परत मागायला आले तेव्हा तो सापडला नाही.

ती निष्पाप, जन्मापासूनचं आहे म्हणून कणव, असं मात्र कुणी म्हणू नका. तिला हे कुठल्याही दुसऱ्या वाटेने आलं असतं तरी मी हेच पत्र लिहिलं असतं.

आता आपला रकाना नेमकं कुणाला अडवतो, ते बघा. ज्याला आपली स्थिती माहीत आहे, जो उपचार घेतो आणि खरं सांगतो, त्यालाच अडवतो. जोडीदाराला धोका नसलेला माणूस नेमका तोच. ज्याने कधी तपासणीच केली नाही, किंवा केली आणि कागद दडवला, किंवा डागाळलेली झेरॉक्स फिरवली, तो हसत आत येतो. चाळणीत पीठ पडून राहावं आणि खडे खाली जावेत, तसलं हे चाळणं. शिवाय ज्याच्या मनात शंका आहे तो असा रकाना पाहून तपासणीपासूनच लांब पळतो, आणि तपासणी नाही म्हणजे उपचार नाही. मुलींना वाचवायला मी लिहिलेली ओळ मुलींच्याच मुळावर उठली.

कायद्याचंही थोडक्यात सांगते, कारण समितीत दोन वकील असून हा विषय निघालेला नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, न्यायालयाच्या आदेशाशिवाय स्थिती उघड करायला कुणाला भाग पाडता येत नाही, आणि ज्या संस्थेकडे अशी माहिती असेल तिने ती जपून ठेवायची व्यवस्था करणं बंधनकारक आहे. आपली व्यवस्था म्हणजे एक गोदरेजचं कपाट आणि त्याच्या दोन किल्ल्या. एका वकील काकांनी मला सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल ऐकवला होता, ज्यात एचआयव्ही असलेल्या माणसाच्या लग्नाच्या हक्कावर गदा आली होती. त्याच प्रकरणात २००२ मध्ये मोठ्या पीठाने लग्नाबद्दलची ती मतं गैरलागू ठरवली, हा भाग त्यांनी सांगायचा ठेवला.

‘मग काय, लपवायचं?’ हा प्रश्न येणार, दोनदा आलाच आहे. नाही. ज्याच्याशी संसार करायचा त्याला खरं सांगायलाच हवं. संसर्ग दुसऱ्याला जाऊ नये याची काळजी घेण्याची जबाबदारी त्याच कायद्याने पॉझिटिव्ह माणसावर टाकली आहे. माझं म्हणणं इतकंच की ते सांगणं दोघांमधलं आहे, पावती फाडणाऱ्या बाईसमोरचं नाही. पत्रिका जुळली, घरं पाहून झाली, बोलणी पुढे सरकली, की मुलगा-मुलगी दोघांनी मिळून तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, अहवाल हातात मिळतो तो ज्याचा त्यालाच. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. अर्जाच्या मागच्या बाजूला कॅटररची जाहिरात असते, तिथे दोन ओळी यासाठी सहज निघतील. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही त्यात घाला, ती तर आपण कधीच विचारली नाही.

आणखी एक गोष्ट सुचवायची आहे. ती ऐकून तुम्ही खुर्चीत सरळ बसाल, म्हणून आधी एका बाईंबद्दल सांगते. मद्रासमध्ये गायतोंडे म्हणून एक मराठी कुटुंब होतं, चामड्याच्या व्यापारातलं. त्यांची मुलगी सुनीती डॉक्टर झाली, लग्नानंतर सॉलोमन. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असताना त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, एक विषय दिला: आपल्याकडे एचआयव्ही आहे का? ‘आपल्या संस्कृतीत तसलं काही नसतं’ असं मोठमोठे लोक छातीठोक सांगत होते तेव्हाची ही गोष्ट. निर्मलांनी सुधारगृहातल्या स्त्रियांचे नमुने गोळा केले, ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि तपासायला वेल्लोरला नेले. १९८६ साली त्यातले सहा खळगे पिवळे झाले. भारतातला एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो असा. त्या खळग्यांकडे बघताना दोघींना काय वाटलं असेल, याचा विचार मी कितीदा तरी एलायझाची थाळी समोर धरून केला आहे.

सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. इतर दवाखाने दार लावत होते तेव्हा तिथे रुग्णांना दाखल करून घेतलं जायचं. एचपीटीएन ०५२ चं चेन्नईतलं केंद्र म्हणजे हेच. आणि आता आपल्या कामाचं: या बाई उतारवयात स्थळं जुळवायच्या. पॉझिटिव्ह मुलामुलींचे आई-बाप त्यांच्याकडे यायचे, ‘डॉक्टर, हिच्यासाठी कुणी बघा ना.’ त्या धर्म बघायच्या, शिक्षण, पगार बघायच्या, आणि जोडीला रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१७ ला मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तर सुचवणं असं: आपल्याकडेही एक वेगळी वही असावी. पुस्तिकेत छापायची नाही, कपाटात ठेवायची नाही. एकच व्यक्ती ती सांभाळेल, ज्यांनी स्वतःहून नाव दिलं त्यांच्यासाठीच, आणि एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं जिथे मिळतात तिथल्या, समुपदेशकांना विचारून काम करेल. पॉझिटिव्हने पॉझिटिव्हशीच लग्न करावं असा माझा अजिबात आग्रह नाही, वरचे आकडे त्यासाठीच दिले. पण ज्यांना सोपं वाटतं त्यांना वाट तरी असावी. वही मी सांभाळीन. वय सत्तरीच्या पुढे गेलं आहे, पण हिशेब अजून चुकत नाही.

पुढच्या आठवड्यात अर्ज छापखान्यात जाणार असं ऐकलं. सतरावी ओळ खोडून अठरावी वर घ्या, छपाईचा खर्च वाढत नाही. पण त्याआधी त्या मुलीचा अर्ज शोधू या. मामा परत मागायला आले होते तेव्हा आपण नीट शोधलाच नव्हता, वरचे दोन खण बघून ‘नाही’ म्हटलं होतं. कपाटाची दुसरी किल्ली अजून माझ्याचकडे आहे. रविवारी सकाळी दहाला मी कार्यालयात येते. कुणीतरी एकाने हजर राहावं, म्हणजे पुढे मी एकटीने उघडलं असं होणार नाही.

कळावे,

आपली,
नोंदणीच्या टेबलावरची एक जुनी कार्यकर्ती